आमेबंडे आणि दोन इंच

नागनाथअण्णांची जीप तुम्ही पाहिली असती ना, तर आधी हसला असतात. चव्वेचाळीस सालची, लढाईत आलेली, लिलावात घेतलेली. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात वाकलेत असं वाटायचं तिच्याकडे बघून. चाकांवरच्या कमानी, म्हणजे ते एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात ना, ते सतरा वर्षं वजन झेलून भाकरीसारखे सपाट झाले होते. आणि जीपचं पोट रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर!

तर ही एकसष्टच्या दसऱ्याची गोष्ट. बेंगळुरातलं जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं, चार घरं, मग मोकळा माळ, मग परत चार घरं. तिथं एका सरकारी भूजल प्रयोगशाळेचं आवार होतं, मागे नोकरांच्या खोल्या. ही जीप त्या प्रयोगशाळेची. दर आठवड्याला उपकरणांची पेटी घेऊन बेळ्ळंदूरच्या, महादेवपुऱ्याच्या गावविहिरींवर जायचं, पाण्याची पातळी मोजायची आणि परत यायचं. नागनाथअण्णा ती चालवायचे. निपाणीकडचे, पंचेचाळिशीचे, अंगानं चांगले भरदार. ते बसले की सीट आधी एक निःश्वास टाकायची आणि मगच इंजिन सुरू व्हायचं, असं सगळे म्हणायचे.

आता भानगड अशी की बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे उतरताना वाटेत एक आडवा खडक होता. गावकरी त्याला आमेबंडे म्हणायचे, म्हणजे कासवखडक. पाठ दिसायची तशीच. त्याला वळसा नाही, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला खोल चर. आणि त्या पावसाळ्यात जीप दोनदा त्या कासवाच्या पाठीवर पोट टेकवून अडकली. दुसऱ्यांदा तर गिअरच्या डब्याला चीर जाऊन तेल सांडलं, बैल लावून ओढून आणावी लागली.

झालं! गाड्यांचा कारभार बघणारे हयवदनराव म्हणून साहेब होते, धारवाडचे, त्यामुळे मराठी अगदी घरच्यासारखं बोलायचे, फक्त प्रेमानं नाही. त्यांनी सांगून टाकलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसणार. आमेबंडेला पोट लागलं की जीप मोडीत." आणि हळूच पुढचं वाक्य, "ड्रायव्हरची जागा जीपबरोबर मंजूर आहे. जीप नाही, तर जागा नाही."

म्हणजे नागनाथअण्णांची नोकरी गेली, खोली गेली, आणि परत निपाणीला भावाच्या तंबाखूच्या वखारीत. त्या वखारीतनं तर ते सोळाव्या वर्षी पळून आले होते!

हे ऐकून सगळ्यात जास्त पेटला तो पद्माकर. साताऱ्याचा, तेवीस वर्षांचा, इंजिनिअर होऊन नुकताच प्रयोगशाळेत लागलेला. बेंगळुरात आल्यापासून नागनाथअण्णांच्या बायकोच्या, कस्तुराक्कांच्या हातचं जेवायचा. तो म्हणाला, "अण्णा, दोन इंच. आपल्याला फक्त दोन इंच उंच करायचीय गाडी. मी पुस्तक काढतो."

पुस्तक म्हणजे जीपबरोबर आलेलं अमेरिकन लष्कराचं. तेलकट पानांचं. पद्माकरनं ते तीन दिवस उशाशी घेतलं, आणि मग दोघं कलासीपाळ्यात गेले, सयाजीच्या भट्टीवर.

सयाजी कमानपाटेवाला. लॉऱ्यांचे पाटे तापवून, ठोकून, तेलात बुडवून परत ताठ करायचा. त्यानं जीपखाली बसल्या बसल्या डोकं घातलं आणि म्हणाला, "तीन रस्ते आहेत. एक, कमान ज्या कडीला टांगतात ना, ती शॅकल लांब बसवतो. अर्ध्या दिवसात काम."

"आणि स्टिअरिंग?" पद्माकर.

"स्टिअरिंग मग स्वतःच्या मनानं फिरतंय थोडंसं."

"नको. दुसरा?"

"कमान आणि ॲक्सलच्या मध्ये सागवानी ठोकळा. मागं चालतंय. पुढं मी बसवणार न्हाई. ब्रेक दाबला की ठोकळा निसटायचा, तुम्ही तळ्यात."

"तिसरा?"

"जुने पाटे उकलायचे, नव्यानं बाक द्यायचा, आणि प्रत्येक कमानीत एक पाटा जादा. चार दिवस लागतील."

"मग लॉरीचेच जाड पाटे घालून टाक की," नागनाथअण्णा म्हणाले. "एकदाचं चार इंच वर."

सयाजी हसला. "अण्णा, मग खड्ड्यातनं तुम्ही वर उडाल आणि जीप खाली जाईल. पेटीतल्या काचा मोजत बसाल. उंच पाहिजे पण मऊही पाहिजे. तिसराच घ्या."

तिसराच घेतला. चार दिवसांनी चारी कमानी तयार, निळ्याशार, तेलात न्हालेल्या. पुढच्या दोन कमानींपैकी एक जरा जाड होती, पुस्तकातच तसं होतं. सयाजीनं विचारलं, "ही जाड कुठल्या अंगाला?"

"डाव्या," पद्माकर ताडकन म्हणाला. "पुस्तकात आहे. हे बघ, डावी कमान भारी."

नागनाथअण्णांनी एकदा स्वतःच्या पोटाकडे बघितलं. तोंड उघडलं. मग मिटलं. पद्माकरसाहेब शिकलेले, पुस्तक इंग्रजी, भट्टीवर सगळे ऐकतायत. कशाला बोला!

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं बसवून झालं. पद्माकरनं गिअरच्या डब्याखालचा जाड पत्रा, म्हणजे जीपचं पोटच, नव्यानं लाल ऑक्साइडनं रंगवला. फूटपट्टी लावली. दोन इंच आणि वर सूतभर! तो आवारात नाचायचाच बाकी होता. सयाजीनं एवढंच बजावलं होतं, "नवा बाक आहे, पहिल्या ओझ्याला बसणार. पन्नासएक मैल चालवा, मग कमान ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट परत आवळा. विसरलात तर कमान ॲक्सलवर घसरेल."

"उद्या चालवू, उद्याच आवळू," पद्माकर म्हणाला.

पण उद्या खंडेनवमी होती हो!

आता बेंगळुरात खंडेनवमी म्हणजे आयुधपूजा, आणि आयुधपूजा म्हणजे काय ते पद्माकरला माहीत होतं, पण इतकं माहीत नव्हतं. सकाळी येऊन बघतो तर पाटावर लाल कापड, आणि त्यावर सगळे पाने, हातोडा, जॅक, ग्रीसगन ओळीनं झोपलेले, प्रत्येकाला गंध, प्रत्येकावर फूल. शेजारी त्याची स्वतःची फूटपट्टी! तिलाही झेंडूचं फूल.

"अहो अक्का, माझी पट्टी!"

"तिला एक दिवस सुट्टी की ओ," कस्तुराक्का म्हणाल्या. "तुम्हाला रविवारी असतीया, तिला कधी असतीया?"

जीपला केळीचे खांब, झेंडूचे हार. हळदकुंकू बॉनेटला लावलं, चाकांना लावलं, आणि मग कस्तुराक्का साडी सावरत सरळ जमिनीवर आडव्या झाल्या आणि हात जीपच्या खाली घातला.

"काय करालीस गं?" नागनाथअण्णा ओरडले.

"दुखणं पोटाला हाय तर हळद पोटाला. कपाळाला लावून काय उपेग?"

सगळं आवार हसलं. मग चाकाखाली लिंबं चिरडली, कुंकू भरलेला कोहळा फोडला, आणि पद्माकरनं निःश्वास सोडला की झालं एकदाचं. कुठलं झालं! पूजा झालेल्या गाडीतनं फेरी मारायची असते. आवारातला जो तो चढला. मागं सात, पुढं तीन, मडगार्डवर एक, वर नागनाथअण्णा. पद्माकर मागं धावतोय, "अण्णा, पाटे नवे आहेत! अहो, अजून यू-बोल्ट आवळले नाहीत! हळू!" आणि जीप लालबागेच्या दिशेनं गेलीसुद्धा, भोंगा वाजवत. मडिवाळ्यापर्यंत जाऊन, देवळाला वळसा घालून, परत आली. आणि परत आल्यावर मडगार्डवाला म्हणाला, मला नीट बसायला मिळालं नाही, म्हणून परत एक फेरी!

शेवटी जीप प्रयोगशाळेच्या सिमेंटच्या ओट्यावर उभी राहिली, अगदी सपाट जागा, नागनाथअण्णा अजून सीटवरच. कस्तुराक्कांनी आरती केली आणि पाण्याचं ताम्हण बॉनेटच्या मधोमध ठेवलं. ताम्हणातलं पाणी सगळं उजवीकडे गेलं. काठावरनं धार लागली, टप टप टप, उजव्या चाकावर.

"अगं बाई," कस्तुराक्का म्हणाल्या, "तुमची गाडी माझ्या नवऱ्याकडं कलली की!"

परत हशा. "अण्णा, भात कमी खावा!" कोणीतरी ओरडलं. हसला नाही तो एकटा पद्माकर. त्यानं पटकन वीत लावली. डावीकडे सगळं ठीक. उजवीकडे जवळजवळ सव्वा इंच गेलं होतं. आणि गिअरचा डबा कुठल्या अंगाला असतो या जीपमध्ये? उजव्या! म्हणजे जिथं उंची पाहिजे तिथंच गेली होती.

तो पुस्तक घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला. पान उघडलं. डावी कमान भारी, ड्रायव्हरच्या बाजूची. चित्रात तो अमेरिकन शिपाई मजेत बसलेला. पद्माकरनं चित्रातल्या शिपायाकडे बघितलं. मग स्वतःच्या हातातल्या स्टिअरिंगकडे बघितलं. मग परत शिपायाकडे. शिपाई डावीकडे बसला होता. आणि पद्माकर उजवीकडे.

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं! ही जीप इथं आल्यावर कुणीतरी ते उजवीकडे नेलं होतं, आणि पद्माकरनं भारी कमान रिकाम्या सीटखाली बसवली होती!

त्याचे कान इतके तापले म्हणता! तो उतरला, तरातरा पाटाकडे गेला आणि मोठ्या पान्याला हात घालणार, तेवढ्यात नागनाथअण्णा मध्ये आले.

"न्हाई साहेब."

"अण्णा, चूक माझी आहे. कमानी उलट्या बसल्यात. दोन तासांत बदलतो."

"उद्या."

"उद्या चालवून बघायचं कधी, आवळायचं कधी? परवा सकाळी साहेब येणार! नोकरी तुमची जाणार आहे, माझी नाही!"

"म्हणूनच तर," नागनाथअण्णा म्हणाले. आवाज चढला नाही, काही नाही. "अठरा वर्सं ह्या पान्यांनी मला जेवू घातलं. एक दिस पडलेत तर पडू देत. उद्या सूर्य उगवला की मी सोताच उठवतो त्यांना."

"आणि मला आधी का नाही सांगितलंत? भट्टीवर तुम्ही काहीतरी बोलणार होतात."

"बोलणार हुतो. जाड मी हाय तर जाड कमान माझ्याकडं पाहिजे, एवढंच. पण तुम्ही पुस्तक दावलासा, मग मी गप."

पद्माकर पायरीवर बसला. पुढच्या वेळी ओरडा, एवढं म्हणाला. "सरी, बरं," नागनाथअण्णा म्हणाले, आणि त्याच्या हातात नारळाचा प्रसाद ठेवला. पद्माकरनं तो खोबऱ्याचा तुकडा न खाताच खिशात ठेवला. त्याला एकच दिसत होतं, वखारीच्या दारात उभे राहिलेले नागनाथअण्णा.

दसऱ्याला पहाटे तो आला तेव्हा पाट रिकामा होता आणि जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. दोघांनी मिळून पुढच्या दोन्ही कमानी उतरवल्या, अदलाबदल केली. पद्माकर पाठीवर पडून काम करत होता, त्याच्या नाकासमोर लाल पत्र्यावर हळदीची पिवळी बोटं सुकलेली दिसत होती, पण त्याचं लक्ष कुठं! नागनाथअण्णांनी बोटानं एक गोष्ट दाखवली, "हे बघा, चाक लोंबलं की ब्रेकची नळी ताणतीया." जीप उंच झाली होती, नळी होती तेवढीच. तिचा चिमटा खाली सरकवून ती सैल केली. शॅकलमध्ये ग्रीस भरलं. मग वाळूची पोती टाकून आनेकलच्या रस्त्यानं पन्नास मैल जाऊन आले, आणि परत येऊन यू-बोल्टना पाना लावला. नट दीड फेरा फिरले. दीड!

"आणि तरी कमानी जास्त बसल्या नाहीत," पद्माकर पट्टी लावून म्हणाला. "पावणेदोन इंच. दोन्ही बाजूंना सारखी! काल बसायचं ते बसून घेतलं त्यांनी."

"मग? अकरा माणसं फुकट फिरवली काय मी?" नागनाथअण्णा म्हणाले.

आणि मग तो दिवस उजाडला. हयवदनराव आले ते चुन्याची बादली घेऊनच आले. हो, चुन्याची! शिपायाला म्हणाले, "पोटाचा पत्रा पांढरा कर." शिपायानं बाहेरूनच हात लांब करून, न बघता, कुंचला फिरवला. "आता कासवाला शिवलं की कळेल. पांढरं पुसून खालचा लाल रंग दिसला, की संपलं. मला कुणाच्या तोंडचं ऐकायचं नाही."

निघाले. पुढं हयवदनराव, मागं पद्माकर मांडीवर उपकरणांची पेटी घेऊन. मडिवाळा, आगरा, मग तळ्याकडची वाट. आणि तो आमेबंडे आला, उन्हात पाठ शेकत पडलेला.

नागनाथअण्णांनी जीप थांबवली. खाली उतरून खडकाकडे एकदा बघून आले. चढले. सीटनं निःश्वास टाकला. छोट्या गिअरमध्ये, इंचाइंचानं, उजवं चाक त्यांनी मुद्दाम कासवाच्या पाठीवर घातलं आणि डावं खालून नेलं. जीप कलली, हयवदनरावांनी समोरची दांडी पकडली, टोपी पडली. पद्माकरनं डोळे मिटले. पोटाखालून आवाज यायची वाट बघत होता तो, तो खर्रर्र. कमान दबली, उसासली, परत उठली. मागचं चाक चढलं. उतरलं. ठक्!

पद्माकरनं खाडकन डोळे उघडले.

"पेटीचं झाकण," नागनाथअण्णा मागे न बघता म्हणाले. "नीट धरा की ओ."

विहिरींवर गेले, मोजमाप घेतलं, परत त्याच खडकावरनं आले. आवाज नाही. आवारात पोचले तेव्हा सगळे खोल्यांच्या दारात उभे. हयवदनरावांनी जीप ओट्याच्या कडेला घ्यायला लावली, ते गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून खाली बघितलं, आणि त्यांची मान तशीच राहिली.

"एनु इदु?" ते कानडीत म्हणाले. "हे काय आहे?"

पद्माकरनं वाकून बघितलं. पांढऱ्या चुन्यावर पाच लाल रेघा. वाघानं पंजा मारावा तशा! खालचा लाल रंग उघडा पडला होता.

"लागलंय," हयवदनराव उठत म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडलेलं दिसलं नाही. "वाईट वाटतं नागनाथ, तू गाडी सुंदर चालवलीस. पण लागलंय."

नागनाथअण्णांनी टोपी काढून हातात धरली फक्त.

आणि कस्तुराक्का पुढं आल्या. पदर खोचला, परत तशाच जमिनीवर आडव्या झाल्या, डोकं आत घातलं, आणि आतूनच ओरडल्या, "अहो सायब, कासवाला बोटं किती असत्यात?"

"काय?"

"हा माझा हात हाय! बघा की ओ, वाका!"

हयवदनराव वाकले. कस्तुराक्कांनी पंजा त्या पाच रेघांवर ठेवला होता. बोट न् बोट जुळलं. करंगळीसुद्धा, ती त्यांची जरा वाकडी होती, तीही.

"खंडेनवमीला हळद लावलीया मी इथं. तुमच्या माणसानं तिच्यावर चुना फासला. हळदीला चुना लागला की काय होतंय, सांगा?"

हयवदनरावांनी बोट थुंकीनं ओलं करून रेघेवर घासलं, बोट लालभडक झालं. रुमालानं पुसलं तर खाली ऑक्साइडचा रंग गुळगुळीत, नख लागेल एवढासुद्धा ओरखडा नाही.

"कुंकू," ते म्हणाले. आणि त्यांना असं हसू फुटलं की जीपचं चाक धरून बसावं लागलं. "माझी आई घरी कुंकू करायची. लिंबू, हळद, चुना... मी इंजिनाखाली बसून अक्कल विसरलो!"

"लावायला जागा दुसरी न्हवती काय हिला," नागनाथअण्णा पुटपुटले, पण आवाज कापत होता.

"दुखणं पोटाला हुतं," कस्तुराक्का माती झटकत म्हणाल्या.

हयवदनरावांनी तिथंच बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं, गाडी चालू ठेवावी. मग पद्माकरकडे वळून म्हणाले, "आणि तू. दर पंधरा दिवसांनी यू-बोल्ट, दर महिन्याला शॅकलला ग्रीस. वहीत लिहायचं. आणि वर्षभरात कमान बसली, तर परत चुना."

"हो सर."

"पुस्तकात बघून करू नको. नागनाथला विचार."

म्हणजे ते कळलं होतं त्यांना! कसं कळलं कुणास ठाऊक, आवारात काय लपून राहतं? पद्माकरचे कान परत तापले, पण या वेळी बरं वाटलं, अगदी उन्हात बसल्यासारखं बरं. भूक लागली त्याला, दोन दिवसांची. कस्तुराक्कांनी आतून हाक मारली, "जेवायला चला, भात निवतोय!"

सगळे गेले. नागनाथअण्णा कुठं दिसेनात. पद्माकर शोधत परत ओट्याकडे आला, तर जीपखालून दोन पाय बाहेर. कर्र, कर्र, पान्याचा आवाज. यू-बोल्ट आवळत होते. तो वाकला आणि म्हणाला, "अण्णा, अहो काल तर आवळले. चला, भात थंड होतोय."

"येतो की," आतून घोगरा आवाज आला. "तुम्ही व्हा पुढं. स्वल्प ढिला हाय ह्यो."

पद्माकरनं पान्याकडे बघितलं. पाना नटावरून नुसताच पुढंमागं होत होता, नट तसूभर हलत नव्हता.

तो पायाशी बसून राहिला, अण्णांचं आवळून होईपर्यंत.